व्हायरस पेशीत घुसतो कसा: फ्यूजन पहिल्यांदाच शिकणाऱ्यांसाठी पायरी-पायरीनं

नांदेडला नाहीतर संभाजीनगरला मायक्रोबायोलॉजी किंवा बायोटेक घेऊन एमएस्सीला आलेली पोरंपोरी, परभणी-उदगीरला व्हेटर्नरी करणारे, गावाकडं बसून नेट-गेटची तयारी करणारे, अशा सगळ्यांसाठी हे लिहितोय. मी एमएस्सीला सेमिनारसाठी हाच विषय घेतला होता. दहावीपर्यंत मराठी मिडियम अन् नंतर एकदम जाडजूड इंग्रजी पुस्तक, त्यात बाणच बाण असलेली आकृती, आणि सगळीकडं ऐकलेलं एकच वाक्य की स्पाइक म्हणजे किल्ली, रिसेप्टर म्हणजे कुलूप, किल्ली लागली की व्हायरस आत. हे वाक्य चुकीचं नाही, पण ते अर्ध्या रस्त्यात सोडून देतं. रिसेप्टरला चिकटणं ही एक गोष्ट आणि आत शिरणं ही दुसरी गोष्ट, दोन्हींच्या मध्ये बरंच काही घडतं आणि सगळी मजा तिथंच आहे. हा लेख वाचताना चिकटणं आणि मिसळणं (हेच फ्यूजन, व्हायरसचं मेम्ब्रेन पेशीच्या मेम्ब्रेनमध्ये मिसळणं) ह्या दोन गोष्टी डोक्यात कायम वेगळ्या ठेवा, बाकीचं आपोआप जागेवर बसत जाईल.

आधी सामान जमवा

- बिनरेघांची वही आणि दोन रंगांचे पेन. आकृती हातानं काढल्याशिवाय हा विषय डोक्यात बसत नाही.
- मोबाइल चालेल, लॅपटॉप असला तर बरं. प्रोटीन डेटा बँकेची वेबसाइट फुकट आहे, ब्राउझरमध्येच प्रोटीन गोल-गोल फिरवून बघता येतं, काही इन्स्टॉल करायची गरज नाही. लॅपटॉप दमदार असेल तर चिमेराएक्स टाका, अभ्यासासाठी ते फुकटच आहे.
- पबमेड सेंट्रलवरचा एखादा रिव्ह्यू. मूळ पेपर नंतर, आधी रिव्ह्यू. एखादा पेपर पैसे मागत असेल तर लेखकाला साधा दोन ओळींचा ईमेल करा, बरेच जण पीडीएफ पाठवून देतात.
- पेशीचं मेम्ब्रेन, अमिनो आम्लं, अल्फा हेलिक्स आणि पीएच, एवढ्याची उजळणी. हे कच्चं असेल तर एक दिवस त्याला द्या, मगच पुढं या.

१. आवरण असलेले आणि नसलेले आधी वेगळे काढा

फ्यूजन फक्त आवरणवाल्या व्हायरसचं असतं, कारण मेम्ब्रेनमध्ये मिसळायला आपल्याकडं पण मेम्ब्रेन लागतं. फ्लू, एचआयव्ही, कोरोना, डेंग्यू, चिकुनगुन्या, रेबीज, गोवर, निपाह, इबोला, नागीण, हे सगळे आवरणवाले. पोलिओ, रोटा, कावीळवाला हेपॅटायटिस ए, आणि जनावरांतला लाळ्या-खुरकूत, ह्यांना आवरण नाही, हे पेशीत शिरतात पण वेगळ्या पद्धतीनं, त्यांना इथं मिसळू नका.

हे आवरण व्हायरस स्वतः बनवत नाही, ज्या पेशीत वाढला तिच्याकडूनच घेतो. फ्लू आणि एचआयव्ही पेशीच्या बाहेरच्या मेम्ब्रेनमधून, डेंग्यू आतल्या एन्डोप्लाझ्मिक रेटिक्युलममधून (ईआर), कोरोना ईआर आणि गॉल्जीच्या मधल्या भागातून. म्हणजे लिपिड आपलेच, त्यात खोचलेली प्रोटीनं तेवढी व्हायरसची.

व्हेटर्नरीवाल्यांनी एक ध्यानात ठेवा. साबण आणि अल्कोहोल हे आवरणाचे लिपिड मोडतात म्हणून कोरोनावर इतके चालले. लाळ्या-खुरकूतला आवरणच नाही त्यामुळं गोठ्यात नुसत्या सॅनिटायझरनं भागत नाही, तिथं ४ टक्के धुण्याचा सोडा वापरतात कारण तो व्हायरस आम्ल आणि अल्कलीला कच्चा आहे.

२. अडचण काय आहे ते समजून घ्या

बरेच जण ही पायरी गाळतात आणि मग सगळं पाठ करत बसतात. दोन मेम्ब्रेन जवळ आली म्हणून मिसळत नाहीत. तसं असतं तर आपल्या अंगातल्या सगळ्या पेशी एकमेकींत विरघळून गेल्या असत्या. मेम्ब्रेनची जाडी साधारण ४ ते ५ नॅनोमीटर, दोन्ही बाजूंना लिपिडची पाणी-प्रेमी डोकी, आणि त्या डोक्यांना घट्ट धरून बसलेला पाण्याचा थर. दोन मेम्ब्रेन एक-दोन नॅनोमीटरवर आणायची तर हा पाण्याचा थर मधून काढावा लागतो, आणि तो सुखासुखी निघत नाही, जोर लावावा लागतो.

आता प्रश्न असा की हा जोर व्हायरस आणतो कुठून? त्याच्याकडं मायटोकॉन्ड्रिया नाही, फ्यूजनच्या वेळी एटीपी खर्च करायची सोय नाही. उत्तर आहे फ्यूजन प्रोटीनच्या घडीत. उंदराचा चाप कसा आधी हातानं ताणून ठेवायचा असतो आणि नंतर नुसता धक्का लागला की सुटतो, तसं हे प्रोटीन ताणलेल्या अवस्थेतच तयार होतं. ताणलेल्या रूपाला प्रीफ्यूजन म्हणतात, सुटल्यानंतरच्या रूपाला पोस्टफ्यूजन. पोस्टफ्यूजन रूप जास्त स्थिर असतं, आणि दोन रूपांमधला ऊर्जेचा फरक मेम्ब्रेन ओढायला वापरला जातो. एकदा सुटलं की बहुतेक प्रोटीनं परत ताणली जात नाहीत, म्हणून वेळ आणि जागा चुकली तर व्हायरस वाया.

ह्याचा पुरावा पण छान आहे. फ्लूचं प्रोटीन आम्लात सुटतं हे माहीत होतंच, पण १९९७ मध्ये कार, चौधरी आणि किम यांनी दाखवलं की पीएच न बदलता नुसती उष्णता दिली किंवा युरिया टाकला तरी तेच प्रोटीन त्याच रूपात जातं. म्हणजे आम्ल ऊर्जा देत नाही, फक्त अडकवलेलं सोडवतं, ऊर्जा आधीपासून आतच होती. परीक्षेत ह्यावर प्रश्न आला की मुलं "आम्लामुळे ऊर्जा मिळते" असं लिहून येतात, ते करू नका.

आणि ताण भरायचं काम कधी होतं? बहुतेक वेळा प्रोटीन तयार होताना ते एका लांब साखळीत असतं आणि ते सुटण्यालायक नसतं. पेशीतलं फ्युरिनसारखं एन्झाइम त्याला एका ठराविक जागी कापतं, मग ते तयार होतं. हा काप लक्षात ठेवा, चौथ्या पायरीत त्याची गोष्ट आहे.

३. प्रत्येक व्हायरसला चारच प्रश्न विचारा

वहीत आडवा तक्ता आखा. रिसेप्टर कोण? फ्यूजन कुठं होतं, पेशीच्या पृष्ठभागावर की आतल्या एन्डोसोम नावाच्या पिशवीत? प्रोटीन कशामुळं सुटतं? फ्यूजन प्रोटीन कोणतं आणि कुठल्या क्लासचं (क्लास म्हणजे रचनेवरून पाडलेले गट: १, २ आणि ३)? कुठलाही नवीन पेपर हातात आला की आधी हे चार रकाने भरायचे.

- फ्लू: सायलिक अॅसिड, एन्डोसोम, आम्ल, एचए म्हणजे हीमॅग्लुटिनिन, क्लास १.
- एचआयव्ही: सीडी४, त्यानंतर सीसीआर५ किंवा सीएक्ससीआर४; दोन्ही रिसेप्टर एकापाठोपाठ लागल्यावरच सुटतं, आम्ल लागत नाही; जीपी४१, क्लास १.
- गोवर: एसएलएएम किंवा नेक्टिन-४, पृष्ठभागावर, चिकटणारं प्रोटीन एच वेगळं आणि मिसळणारं एफ वेगळं, एच रिसेप्टरला लागलं की ते एफला सोडतं, क्लास १.
- कोरोना म्हणजे सार्स-कोव्ह-२: एसीई२, दोन्ही ठिकाणी जमतं, रिसेप्टर आणि प्रोटिएजचा (प्रोटीन कापणाऱ्या एन्झाइमचा) काप, स्पाइक, क्लास १.
- डेंग्यू: वेगवेगळ्या पेशींवर वेगवेगळे चिकटण्याचे रेणू, एन्डोसोम, आम्ल, ई प्रोटीन, क्लास २.
- रेबीज: निकोटिनिक अॅसिटिलकोलीन रिसेप्टर आणि मज्जापेशींवरचे आणखी काही, एन्डोसोम, आम्ल, जी प्रोटीन, क्लास ३.
- इबोला: हा सगळ्यात विचित्र, पेशी त्याला मोठ्या घोटात गिळते, एन्डोसोममध्ये कॅथेप्सिन नावाचं कापणारं एन्झाइम त्याच्या प्रोटीनचा वरचा भाग छाटतं, आणि मग आतमध्येच एनपीसी१ नावाचा खरा रिसेप्टर सापडतो, जीपी, क्लास १.

इबोलाचा रकाना भरताना कुलूप-किल्ली कावून अपुरी पडते ते दिसेल. रिसेप्टर दारावर नाहीच, घराच्या आत आहे.

निपाह आणि चिकुनगुन्या मुद्दाम सोडलेत, ते तुम्ही भरा. इशारा देतो: निपाहमध्ये गोवरासारखीच दोन प्रोटीनं आहेत आणि रिसेप्टर इफ्रिन-बी२, बी३. चिकुनगुन्यात ई२ चिकटतं, ई१ मिसळतं, आणि एमएक्सआरए८ हा रिसेप्टर २०१८ मध्ये सापडला.

४. एकच व्हायरस घ्या आणि त्याला पार तळापर्यंत बघा: फ्लू

सगळे व्हायरस वरवर वाचण्यापेक्षा एक पक्का करा. फ्लूचा करा, कारण ह्याच्या एचए प्रोटीनची रचना १९८१ मध्ये विल्सन, स्केहेल आणि वायली यांनी काढली, आवरणवाल्या व्हायरसच्या फ्यूजन प्रोटीनची पहिली रचना हीच, आणि तिथून पुढं सगळं क्षेत्र उभं राहिलं.

एचए म्हणजे तीन सारख्या तुकड्यांचा जुडगा, लांबी साधारण १३.५ नॅनोमीटर. प्रत्येक तुकडा कापला गेला की दोन भाग होतात: वरचं डोकं एचए१, ते सायलिक अॅसिडला धरतं, आणि खालचा दांडा एचए२, ते मिसळायचं काम करतं. एचए२ च्या सुरुवातीची वीसेक अमिनो आम्लं म्हणजे फ्यूजन पेप्टाइड, हा तेलकट, पाण्याला भिणारा तुकडा. ताणलेल्या अवस्थेत तो दांड्याच्या आत लपवून ठेवलेला असतो.

आता क्रम बघा. व्हायरस चिकटतो. पेशी त्याला स्वतःच आत ओढते, एन्डोसोम नावाच्या पिशवीत. इथपर्यंत व्हायरस पेशीच्या आत दिसतो पण खरं म्हटलं तर अजून बाहेरच आहे, मधे दोन मेम्ब्रेन आहेत, त्याचं स्वतःचं आणि पिशवीचं. पेशी सवयीनं पिशवीत प्रोटॉन भरत जाते, पीएच ६ च्या आसपास, मग ५ ते ५.५ पर्यंत उतरतो. तिथं एचए१ ची तीन डोकी एकमेकांपासून फाकतात. मधला जो ढिला वळसा होता तो अचानक ताठ हेलिक्स बनतो, आणि त्याच्या टोकाला असलेलं फ्यूजन पेप्टाइड जवळपास १० नॅनोमीटर वर फेकलं जाऊन एन्डोसोमच्या मेम्ब्रेनमध्ये रुततं. ह्या घडीला एचए दोन्ही मेम्ब्रेनमध्ये एकाच वेळी अडकलेलं आहे, एक टोक व्हायरसमध्ये, एक टोक पेशीत. आणि मग ते मधून दुमडतं. दांड्याचा खालचा भाग उलटा फिरून वर येतो, दोन्ही टोकं शेजारी-शेजारी येतात, आणि टोकांबरोबर दोन्ही मेम्ब्रेन पण ओढली जातात. एका एचएनं हे जमत नाही, शेजारचे काही मिळून ओढतात.

तिकडं व्हायरसच्या आवरणात एम२ नावाची बारीक नळी असते, तिच्यातून प्रोटॉन व्हायरसच्या आतपण शिरतात आणि आतला आरएनए मोकळा होतो. अमँटाडीन हे जुनं औषध ह्याच नळीला बूच लावायचं. आता फिरणारे बहुतेक ए-प्रकारचे फ्लू त्याला दाद देत नाहीत म्हणून ते फ्लूसाठी देत नाहीत.

हे स्वतःच्या डोळ्यानं बघा. प्रोटीन डेटा बँकेत २एचएमजी हा कोड टाका, आकडा आणि अक्षरं इंग्रजी कीबोर्डनं. हे ताणलेलं रूप. बी, डी, एफ ह्या साखळ्यांना वेगळा रंग द्या, तेच एचए२. मग दुसऱ्या टॅबमध्ये १एचटीएम उघडा, हे १९९४ मध्ये बुलो आणि सहकाऱ्यांनी काढलेलं सुटल्यानंतरचं रूप. दोन टॅब शेजारी ठेवून तेवढं एकदा नीट बघितलं तर पुस्तकातली पाच पानं वाचायची गरज पडत नाही.

पण दोन सापळे आहेत इथं, सांगून ठेवतो. १एचटीएममध्ये तुम्ही फ्यूजन पेप्टाइड शोधत बसाल आणि ते मिळणार नाही, कारण क्रिस्टल करण्यासाठी एन्झाइमनं छाटून एचए२ चा ३८ ते १७५ एवढाच भाग ठेवला होता. आणि २एचएमजीमध्ये आवरणात खोचलेला तळ नाही, कारण ब्रोमेलेननं, म्हणजे अननसातल्या एन्झाइमनं, प्रोटीन आवरणावरून कापून घेतलं होतं. कुठलीही रचना उघडली की आधी विचारा की ह्यात काय नाहीये. तसंच कधीकधी तीन साखळ्यांच्या जागी एकच दिसते, तेव्हा बायोलॉजिकल असेंब्ली हा पर्याय निवडा, पूर्ण जुडगा येतो.

आता तो काप. साधा बर्ड फ्लू फक्त कोंबडीच्या श्वासनलिकेत नाहीतर आतड्यातल्या एन्झाइमनं कापला जातो, म्हणून आजार तिथंच राहतो. घातक प्रकारात कापायच्या जागी आर्जिनीन, लायसीन अशी बेसिक अमिनो आम्लं ओळीनं आलेली असतात, त्याला फ्युरिन कापतं, आणि फ्युरिन जवळपास प्रत्येक पेशीत असतं, त्यामुळं व्हायरस अख्ख्या अंगात पसरतो आणि खुराडंच्या खुराडं मोकळं होतं. जानेवारी २०२१ मध्ये परभणी जिल्ह्यातल्या मुरुंब्यात बर्ड फ्लूनं कोंबड्या मेल्या तेव्हा लोकांना भीती कशाची होती ते ह्या चार-पाच अमिनो आम्लांत आहे. मानमोडीचं म्हणजे राणीखेतचं गणितपण तेच, फक्त तिथं प्रोटीनचं नाव एफ. लासोटा लसीतला व्हायरस आणि कोंबड्या मारणारा व्हायरस, दोघांच्यात कापाच्या जागेचा हा फरक आहे. पोल्ट्रीवाल्या घरच्या पोरांनी सेमिनारला हेच उदाहरण घ्यावं, बाहेरच्या एक्झामिनरला लई आवडतं.

५. मेम्ब्रेन मिसळण्याचे टप्पे हातानं काढा

वहीत दोन मेम्ब्रेन काढा, प्रत्येकाला दोन थर. समोरासमोरचे थर एका रंगानं, पाठीमागचे दुसऱ्या रंगानं. आधी फक्त समोरासमोरचे दोन थर मिसळतात, पाठीमागचे अजून वेगळेच. ह्याला हेमिफ्यूजन म्हणतात, अर्धं मिसळणं. नंतर पाठीमागचे थर फुटून भोक पडतं, ते फ्यूजन पोअर. ते भोक मोठं झालं की व्हायरसच्या आतला माल पेशीत उतरतो. तीन चित्रं, बास.

ह्यात एक प्रयोग मला फार आवडतो. १९९४ मध्ये केम्बल, डॅनियली आणि व्हाइट यांनी एचए प्रोटीनचा आवरणात आरपार खोचलेला तळ काढून टाकला आणि त्याला फक्त बाहेरच्या थरात लिपिडच्या शेपटीवर टांगलं. झालं काय, लिपिडचा रंग ह्या मेम्ब्रेनमधून त्या मेम्ब्रेनमध्ये गेला, पण पेशीच्या आतला रंग काही गेला नाही. हेमिफ्यूजनवरच गाडी अडली. म्हणजे पूर्ण भोक पाडायला प्रोटीन आरपार असावं लागतं.

ह्यावरून सापळा समजेल: पेपरमध्ये "लिपिड मिक्सिंग झालं" लिहिलंय म्हणजे फ्यूजन पूर्ण झालं असं धरू नका. कंटेंट मिक्सिंग, म्हणजे आतला माल मिसळणं, पण दाखवलंय का ते बघा. आकृतीखालच्या बारीक अक्षरात ते असतं.

६. क्लास २ आणि क्लास ३

डेंग्यू घ्या. आपल्याकडं नळाला आठ-आठ दिवस पाणी येत नाही, घरोघरी ड्रम भरून ठेवावे लागतात, त्यात एडिस डास वाढतो, त्यामुळं हा व्हायरस समजून घेणं आपल्याला लांबचं नाही. डेंग्यूवर फ्लूसारखे उभे काटे नसतात. १८० ई प्रोटीनं जोड्या-जोड्यांनी, म्हणजे ९० जोड्या, आवरणावर आडव्या झोपलेल्या. फ्यूजनचा तेलकट वळसा जोडीदाराच्या अंगाखाली लपलेला. आम्ल लागलं की जोड्या तुटतात, प्रोटीनं उभी राहतात, तीन-तीनचे जुडगे होतात आणि मग दुमडतात. सुरुवातीचा आकार क्लास १ पेक्षा पूर्ण वेगळा, शेवटचं काम तेच. १ओएएन आणि १ओके८ हे दोन कोड शेजारी उघडून बघा, आधीचा आणि नंतरचा.

दुसऱ्यांदा डेंग्यू झाला की कधीकधी जास्त जड जातो, त्याचं एक कारण पण चिकटणं आणि मिसळणं वेगळं ठेवलं की चटकन कळतं. आधीच्या प्रकाराविरुद्धच्या अँटिबॉडी नव्या प्रकाराला चिकटतात पण निकामी करू शकत नाहीत, आणि पांढऱ्या पेशींवरचा एफसी रिसेप्टर त्या अँटिबॉडीला धरून व्हायरससकट आत ओढतो. चिकटण्याचा रस्ता बदलला, एन्डोसोममधलं मिसळणं तसंच्या तसं राहिलं.

क्लास ३ मध्ये रेबीज, नागीण, आणि आपल्या महाराष्ट्राचा चांदीपुरा, जो १९६५ मध्ये नागपूरजवळच्या चांदीपुरा गावात सापडला आणि वाळूमाशीतून पसरतो. ह्या क्लासमधल्या व्हीएसव्हीच्या (व्हेसिक्युलर स्टोमॅटायटिस व्हायरस) जी प्रोटीनचं वैशिष्ट्य असं की पीएच परत वाढवला तर ते परत ताणलेल्या रूपात येतं. म्हणजे मघाशी सांगितलेला चाप इथं लागू पडत नाही, हे तक्त्यात लाल पेननं लिहून ठेवा.

रेबीजबद्दल एक गोष्ट अभ्यासाच्या बाहेरची, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. कुत्रं चावलं की जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं १५ मिनिटं धुवायची असते, आणि मग लगेच दवाखाना गाठायचा असतो. हळद, चुना, मिरची काही लावायचं नाही. रेबीजला लिपिडचं आवरण आहे, साबण ते मोडतो, आणि व्हायरस मज्जातंतूत शिरायच्या आधीच जेवढा कमी करता येईल तेवढा करायचा असतो. जखमेत जे इम्युनोग्लोब्युलिन टोचतात ते पण ह्याच जी प्रोटीनला धरून बसतं. गावात हे सांगत चला.

७. पृष्ठभाग की एन्डोसोम, हे हलक्यात घेऊ नका

मार्च २०२० मध्ये आयसीएमआरनं आरोग्य कर्मचाऱ्यांना कोरोना होऊ नये म्हणून हायड्रॉक्सिक्लोरोक्विन सुचवलं होतं, आठवत असेल. त्या जातीची औषधं एन्डोसोममधलं आम्ल कमी करतात आणि व्हेरो पेशींमध्ये, म्हणजे आफ्रिकन हिरव्या माकडाच्या किडनीच्या पेशींमध्ये, कोरोना त्यांनी खरंच अडत होता. पण व्हेरो पेशींवर टीएमपीआरएसएस२ नावाचं कापणारं एन्झाइम पुरेसं नसतं, त्यामुळं व्हायरसला एन्डोसोममध्ये जाऊन कॅथेप्सिन एल कडून कापून घ्यावं लागतं, आणि त्याला आम्ल हवं. फुप्फुसाच्या पेशींवर टीएमपीआरएसएस२ असतं, तिथं स्पाइक पृष्ठभागावरच कापला जातो, आम्लाची गरजच पडत नाही. २०२० मध्येच काल्यू-३ ह्या फुप्फुसाच्या पेशींवर हॉफमन आणि सहकाऱ्यांनी क्लोरोक्विन टाकून बघितलं तर व्हायरस अडला नाही. आणि ब्रिटनच्या रिकव्हरी ट्रायलमध्ये जून २०२० ला दिसलं की ॲडमिट पेशंटला हायड्रॉक्सिक्लोरोक्विनचा फायदा नाही.

म्हणून कुठल्याही पेपरमध्ये "ह्या औषधानं एन्ट्री थांबली" असं वाचलं की आधी पेशी कोणती होती ते शोधा.

८. औषधं आणि लसी ह्याच तक्त्यावर बसवा

एनफ्युव्हिर्टाइड, २००३ मध्ये अमेरिकेत मंजूर झालेलं एचआयव्हीचं औषध, ३६ अमिनो आम्लांचं पेप्टाइड. जीपी४१ दुमडायच्या आधी हे मधेच जाऊन बसतं, मग दुमडताच येत नाही. मॅराव्हिरॉक, २००७ चं, हे सीसीआर५ ला झाकतं, म्हणजे हे चिकटण्याच्या टप्प्यावर मारतं, एनफ्युव्हिर्टाइड मिसळण्याच्या. फरक नीट बघा.

लसीत हवं असतं ताणलेलं रूप, कारण खऱ्या व्हायरसवर आत शिरायच्या आधी तेच असतं आणि चांगल्या अँटिबॉडी त्यालाच धरतात. पण ते सारखं सुटू पाहतं. म्हणून फायझर आणि मॉडर्नाच्या लसीत स्पाइकच्या ९८६ आणि ९८७ ह्या जागी दोन प्रोलीन घातले, प्रोलीनमुळं तो भाग ताठ हेलिक्स होऊ शकत नाही, प्रोटीन आहे तसं राहतं. आपण घेतलेल्या कोव्हिशील्डमध्ये हे दोन प्रोलीन नव्हते, तरी ती चालली, त्यामुळं प्रोलीन नाही म्हणजे लस कुचकामी असं समजू नका. आरएसव्ही ह्या श्वसनमार्गाच्या व्हायरसच्या लसी मात्र कित्येक दशकं अडून होत्या, त्याच्या एफ प्रोटीनचं ताणलेलं रूप २०१३ मध्ये हाती लागलं, ते पक्कं कसं ठेवायचं हे कळलं आणि २०२३ मध्ये लसी मंजूर झाल्या.

९. सेमिनार आणि तोंडी परीक्षेत काय विचारतात

पीपीटीत तयार ॲनिमेशन लावून मोकळं होऊ नका. फळ्यावर तीन चित्रं स्वतः काढा, तिथंच समोरच्याला कळतं की पोराला विषय आलाय. प्रश्न साधारण असे येतात:

ऊर्जा कुठून? दुसरी पायरी.

अमोनियम क्लोराइड टाकलं तर काय होईल? एन्डोसोमचा पीएच वाढतो, आम्लावर सुटणारे अडतात, फ्लू, डेंग्यू, रेबीज. गोवर अडत नाही.

एन्डोसोममध्ये व्हायरस अडकलाय, पण मला तर पृष्ठभागावरच फ्यूजन घडवायचंय, कसं कराल? व्हायरस थंडीत, ४ अंशाला, पेशींना चिकटवून घ्या, म्हणजे पेशी त्याला गिळत नाहीत, मग थोडा वेळ कोमट आम्लीय बफर टाका. फ्लू पृष्ठभागावरच मिसळतो. हा प्रश्न आला आणि उत्तर देता आलं की पुढचे प्रश्न सौम्य होतात.

सिन्सिशियम म्हणजे काय? पृष्ठभागावर फ्यूजन करणाऱ्या व्हायरसचं प्रोटीन बाधित पेशीच्या अंगावर पण येतं, मग ती पेशी शेजारणीत मिसळते, आणि अनेक केंद्रकांची एक मोठी पेशी होते. गोवरात दिसते. आणि इथं सिन्सिटिनची गोष्ट सांगायला विसरू नका: आईच्या पोटात वार तयार होताना तिच्या बाहेरच्या पेशी मिसळून एक अखंड थर होतो, ते मिसळवणारं प्रोटीन म्हणजे फार पूर्वी आपल्या पूर्वजांच्या डीएनएत घुसलेल्या एका रेट्रोव्हायरसचं एन्व्ह, म्हणजे आवरणावरचं प्रोटीन. २००० साली हे दाखवलं गेलं. आपण प्रत्येक जण त्या प्रोटीनमुळं पोटात वाढलो, मला तर हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुढचं काही वाचवेना.

१०. पुढं लॅबमध्ये करायचं असेल तर

खरा घातक व्हायरस हातात घ्यायची गरज नसते. बहुतेक एन्ट्रीचं काम स्यूडोव्हायरसवर चालतं: व्हीएसव्ही किंवा एचआयव्हीचं खोकं, त्याचं स्वतःचं प्रोटीन काढलेलं, वर ज्याचा अभ्यास करायचा त्याचं प्रोटीन बसवलेलं, आणि आत चमकणारा ल्युसिफरेज जीन. एकदाच शिरतो, पुढं वाढत नाही, म्हणून बीएसएल-२ मध्ये (बीएसएल म्हणजे लॅबची सुरक्षा पातळी) चालतो. निपाहसारखा जिवंत व्हायरस मात्र बीएसएल-४ चंच काम, ती सोय पुण्याच्या एनआयव्हीत आहे.

समर प्रोजेक्टसाठी कुठल्या लॅबला ईमेल करताना "मला व्हायरॉलॉजीत आवड आहे" एवढंच लिहू नका, असे ईमेल त्यांना ढिगानं येतात. तुमच्या तक्त्यातला एक व्हायरस घ्या, त्या लॅबचा एक पेपर वाचा, आणि त्यांनी वापरलेल्या पेशीबद्दल किंवा कंटेंट मिक्सिंगबद्दल एक नेमका प्रश्न विचारा. सोबत गाइड सरांचं किंवा मॅडमचं पत्र, कॉलेजचं बोनाफाइड, मार्कमेमो आणि एक पानाचा बायोडाटा एकाच पीडीएफमध्ये जोडा. उन्हाळ्याच्या जागांसाठी डिसेंबर-जानेवारीतच लिहायला लागा, मार्चनंतर बहुतेक ठिकाणी जागा भरलेल्या असतात.